केळीचा खार आणि लाल वरण

तन्वी आणि नील,

होळीनंतरच्या आठवड्यात मी तुमच्या आईला फोनवर सांगितलं की शुभांगी माझ्या जेवणात काहीतरी मिसळते आहे. तिकडे फोन मोठ्या आवाजावर होता आणि तुम्ही दोघं शेजारीच नाश्ता करत होतात, हे मला फार उशिरा कळलं. नीलने नंतर आईला विचारलं म्हणे, मामी आजीला विष देते का. तुमच्या आईने विषय बदलला. तो बदलायला नको होता, पण तिला तरी काय माहीत होतं?

मी आता बरी आहे. ओटीवरून फाटकापर्यंत काठीशिवाय जाते. तुमच्या कानावर गेलेलं ते वाक्य मात्र अजून तिथेच आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. आणखी एक कारण आहे. ज्यांना डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं आहे, अशा कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांचा जीव वाचेल. तुमच्या आईला वाटलं तर तिने हे इतरांनाही द्यावं.

मीठ बंद

दिवाळीनंतर शहाद्याच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं की किडन्या थोड्या थकल्या आहेत. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली आणि मीठ बंद करायला सांगितलं. मी विचारलं, बंद म्हणजे किती. ते हसले आणि म्हणाले, "बंद म्हणजे बंद, बाई."

मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. नियम म्हणजे नियम, हे मी हजारो मुलांना सांगितलं. घरी येऊन मी मिठाची बरणी स्वयंपाकघरातून उचलून फडताळात ठेवली. शुभांगीला म्हटलं, तुम्हा तिघांचं वेगळं करा. तुमच्या मामीने दुसरं पातेलं काढलं. दोन वेळा दोन प्रकारचं वरण करायचं म्हणजे काय, ते मला कुठे करायचं होतं?

तीन दिवस अळणी खाल्लं. चौथ्या दिवशी मला सासूबाईंची आठवण झाली.

आपली मंडळी गुजरातेतून तापीकाठी आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. येताना जी व्रतं आणली त्यात आषाढातलं मुलींचं अळणी व्रत होतं. पाच दिवस मीठ खायचं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी सुरतेला इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी, मला ते सगळं पोरकट वाटायचं. पण या घरात एक सवलत होती, ती मी आणखी कुठे पाहिली नाही. सासूबाई व्रताच्या भाकरीत चिमूटभर केळीचा खार घालू द्यायच्या. मी विचारलं होतं, हे मीठच नाही का? त्या म्हणाल्या, "मीठ समुद्रनं ऱ्हास. हाई ते आपला मळानं शे."

मीठ समुद्राचं असतं, हा आपल्या मळ्यातला; मला ते पटलं होतं. पन्नास वर्षांनी तेच आठवलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, खार बंद केला नव्हता.

खार कसा करतात ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. केळीचा घड कापला की खांबाचं काम संपतं. तो चिरून उन्हात वाळवायचा. त्यात इतकं पाणी असतं की पंधरा दिवस लागतात. वाळलेला खांब जाळायचा आणि राख पांढरी होईपर्यंत ढवळायची. मग बुडाला भोक असलेलं मडकं घ्यायचं, भोकावर जुन्या धोतराचा बोळा, त्यावर राख दाबून भरायची आणि वरून हळूहळू पाणी ओतायचं. खालच्या भांड्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी थेंब थेंब पडतं. ते लोखंडी कढईत आटवलं की तळाला करड्या-पांढऱ्या पापड्या उरतात. तो खार.

बोटांत चोळला तर साबणासारखा बुळबुळीत लागतो. जिभेवर आधी खारट, मग कडवट. झाकण सैल राहिलं तर पावसाळी हवेत स्वतःच पाणी ओढून ओला होतो. लिंबू पिळलं की फसफसतो. आमच्याकडे तो पापडांत जायचा, आणि सासूबाईंच्या लहानपणी तर त्याने कपडेही धुवायचे.

मी रुमलीबाईला बोलावलं. रुमलीबाई आणि तिचा नवरा मूळचे तोरणमाळच्या बाजूचे, बारा वर्षांपासून आपल्या मळ्यात राहतात. तिने दोन मडकी लावून खार काढून दिला. मी तो कुटला, चाळला, काचेच्या बरणीत भरला, चिठ्ठी चिकटवली आणि एक चहाचा चमचा बरणीला दोऱ्याने बांधला. शुभांगीला सांगितलं, दिवसाला एक सपाट चमचा, दोन्ही वेळच्या माझ्या वरणभाजीत विभागून. कमी नाही, जास्त नाही.

रुमलीबाईने बरणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोठी माय, इतला खार आम्ही ढोरले बी देत नही."

मी हसून सोडून दिलं.

पाय

संक्रांतीच्या सुमारास माझे पाय माझे राहिले नाहीत. दुखत नव्हते. दुखले असते तर कळलं असतं. झोपाळ्यावरून उठायचं मनात आणलं की पाय ऐकायचे, पण वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखे, सावकाश. एक दिवस ओटीची पायरी चढताना उजवा पाय उचललाच जाईना. हेमंतने, तुमच्या मामाने, अक्षरशः उचलून आत नेलं.

पहिला संशय मी नव्या गोळीवर घेतला. दुसरा दुकानदारावर, की त्याने भलतीच गोळी दिली. पाकीट नेऊन चिठ्ठीशी ताडून पाहिलं. बरोबर होती.

शहाद्यात रक्त घेतलं. दुपारी प्रयोगशाळेतून हेमंतला फोन आला की बाईंना ताबडतोब नंदुरबारला न्या. रिपोर्टमध्ये एकाच ओळीखाली लाल रेघ होती: पोटॅशियम. सहाच्या वर. ते पाचाच्या आत असावं लागतं. मी म्हटलं, प्रयोगशाळेची चूक असणार, यंत्रं काय बिघडत नाहीत? हेमंतने गाडी कधी नव्हे इतकी जोरात चालवली.

दवाखान्यात छातीला चिकट चकत्या लावून कागदावर हृदयाच्या रेघा काढल्या. तरुण डॉक्टरबाई त्या कागदाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. माणूस खरं बोलण्याआधी किती वेळ थांबतो, हे शिक्षकाला कळतं. मग त्यांनी सांगितलं की रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं की हृदय आधी मंदावतं आणि मग न सांगता थांबतं. म्हणाल्या, "तुम्ही चालत आलात, हेच नवल आहे."

मी चालत आले नव्हते. पण ते मी बोलले नाही.

मग प्रश्न. नारळपाणी? नाही. फळांचे रस? नाही. केळी? मी म्हटलं, केळी पिकवणाऱ्यांच्या घरी केळी कोण खातं. त्या हसल्या. बाजारात कमी सोडियमचं मीठ पाकिटात मिळतं, ते वापरता का?

"मी मीठच खात नाही," मी सांगितलं. "दोन महिने झाले."

"शाब्बास, आजी."

त्या शाब्बासकीचा मला आनंद झाला होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

पाच दिवस

दवाखान्यातले दिवस एकमेकांसारखे असतात. पहाटे सिस्टर येऊन हातातून रक्त काढायची. मग पाण्यात कालवलेली एक पूड प्यायला मिळायची, ओल्या भिंतीच्या चुन्यासारखी, दातांत कचकच करणारी. सिस्टर म्हणायची, "आजी, तुमची नाडी रजेवर गेली होती, आता हजर झाली." दुपारी दवाखान्याची खिचडी, बिनमिठाची. शुभांगीचा डबा तिथे चालत नव्हता.

शेजारच्या खाटेवर मणिबेलीकडची एक म्हातारी होती. आधी होडीने आणि मग जीपने दिवसभर प्रवास करून तिला आणलं होतं. आमची भाषा एक नव्हती. तिची मुलगी सकाळी तिचे केस विंचरायची आणि न विचारता माझेही विंचरायची. त्या पाच दिवसांत मला सगळ्यात बरं वाटलं ते त्या फणीने.

पाचव्या दिवशी आकडा खाली आला. घरी आले. हेमंतने नारळ फोडून ओवाळला, पाणी मात्र मला दिलं नाही.

बारा दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. पुन्हा वाढलेलं. पहिल्याइतकं नाही, पण वाढलेलं. नंदुरबारच्या डॉक्टरबाई फोनवर हेमंतला म्हणाल्या, "दवाखान्यात उतरतं, घरी चढतं. घरी काहीतरी होतंय."

हेमंतने ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा काही हेतू नव्हता. पण माझ्या डोक्यात ते जाऊन बसलं.

वही

मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. वार, वेळ, काय खाल्लं, कुणी दिलं, शेरा. दवाखान्याचे दिवस आठवून तेही भरले. दोन पानांतच उत्तर समोर आलं. दवाखान्यात असताना मला जे काही दिलं ते सिस्टरने. घरी जे काही दिलं ते शुभांगीने. गोळ्यांची डबी भरते शुभांगी. पाण्याचा तांब्या ठेवते शुभांगी.

कारणही सापडलं. तिला लेकीच्या, गार्गीच्या, शाळेसाठी नंदुरबारला राहायला जायचं होतं आणि मी अडून बसले होते, घर बंद ठेवायचं नाही म्हणून. ती गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची आणि मी जिन्यात दिसले की बोलणं तोडायची. नंतर कळलं, ती खरोखरच भाड्याची घरं बघत होती. त्यातल्या एकाही घरात माझ्यासाठी खोली नव्हती, हेही खरं. तेव्हा माझा सगळाच संशय खोटा होता, असं तुम्हाला सांगून मी स्वतःला सोडवणार नाही.

माणूस संशयाने बघायला लागला की त्याला दिसायला लागतं. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. रोज पाहिलं की माझ्या वाटीत खार घालायची वेळ आली की शुभांगी ओट्याकडे तोंड करून माझ्याकडे पाठ फिरवते. एकदा नव्हे, दर वेळी. तिचा हात दोनदा हलतो, एकदा बरणीकडे आणि एकदा कुठेतरी दुसरीकडे. मी उठून जवळ गेले की झाकण लागलेलं असायचं.

आणि वरणाचा रंग. माझं वरण लालसर होतं. बाकीच्यांचं पिवळं. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी पाहिलंच नव्हतं. मी विचारलं, हे लाल का? ती म्हणाली, "हळद न्यारी व्हई, आई." एकाच डब्यातली हळद दोन पातेल्यांत न्यारी कशी होईल?

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: वरण लाल. पाठ फिरवली. विचारल्यावर डोळ्याला डोळा दिला नाही.

त्याच दिवशी मी तुमच्या आईला फोन केला.

दुसरी चूल

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझं जेवण यापुढे मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर होईल आणि रुमलीबाई करेल. ती होळीहून नुकतीच डोंगरातून परतली होती. कारण मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. हेमंत म्हणाला, "माय, हाई काय लायं तू?" शुभांगीने ताटं मांडता मांडता हात थांबवला, माझं ताट उचलून परत फळीवर ठेवलं आणि आत गेली.

मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी चोख व्यवस्था केली. तांदूळ, डाळ आणि तेल माझ्या कुलपात. हळदीवरही माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून हळकुंडं आणून समोर कुटवली. खार मी स्वतः मोजायचे, सपाट एक चमचा. चव कमी वाटली म्हणून वरून आणखी चिमूटभर भुरभुरवायचे. गोळ्या माझ्या हाताने.

पहिल्याच दिवशी वरण विटेसारखं लाल झालं. मी रुमलीबाईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "मी काय करू, मोठी माय? तुन्हीच हळद, तुन्हाच खार."

तुम्ही दोघं एव्हाना ओळखून बसला असाल. मी मात्र नाही ओळखलं. मला वाटलं, शुभांगीने डाळीलाच काहीतरी लावून ठेवलंय. मी डाळ बदलली. वरण लालच.

सहाव्या दिवशी सकाळी झोपाळ्यावरून उठायला गेले आणि उठताच येईना. पाय कुठे आहेत ते कळेना, ओठ बधिर झाले, छातीत एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. मला नीट आठवतं, शुभांगी धावत आली आणि तिने माझ्या पाठीखाली हात घातला. मी तो हात ढकलायचा प्रयत्न केला. माझ्यात तेवढा जोर नव्हता, म्हणून तिला ते कळलं नाही. निदान मी तसं धरून चालते.

क्रेट

दवाखान्यात त्यांनी हाताच्या शिरेतून दोन इंजेक्शनं दिली आणि माझ्यात जीव परत आला. आकडा सातच्या जवळ होता. दुपारी बोलता येऊ लागलं तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर डॉक्टरबाईंना जवळ बोलावून म्हटलं, "माझी सून काहीतरी घालते आहे. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शुभांगीला बाहेर थांबायला सांगितलं आणि हेमंतला म्हणाल्या, यांच्या पोटात जे जे जातं ते सगळं मला इथे हवंय, तेलापासून हळदीपर्यंत, आहे त्या डब्यांसकट.

संध्याकाळी हेमंत केळी भरायचा प्लास्टिकचा क्रेट घेऊन आला. सोबत रुमलीबाई होती, कारण स्वयंपाक तिचा होता. डॉक्टरबाईंनी एकेक डबा उघडला. तांदूळ, डाळ, तेल, हळद, गोळ्यांची डबी. मग काचेची बरणी, दोऱ्याला बांधलेल्या चमच्यासह. त्यांनी चिठ्ठी वाचली.

"हे काय?"

"केळना खार," रुमलीबाई म्हणाली. "मोठी माय मीठ खात नही ना. हाईच खास."

"कसा करतात?"

रुमलीबाईने सांगितलं. खांब, ऊन, जाळ, राख, मडकं, पाणी, कढई. ती हातांनी दाखवत होती, जणू मडकं समोरच आहे. डॉक्टरबाई माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. आतापर्यंत त्या कधी बसल्या नव्हत्या.

हेमंत बरणीकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "माय, आपण केळले पोटॅश देतस. पोतानी पोती. ते कथं जास?"

कुठे जाणार? खांबात, आणि खांबातून बरणीत. खताच्या त्या पोत्यांवरचं नाव मी कित्येक वर्षं वाचलं होतं. एकदा मळ्यातल्या मुलांना ते वाचायलाही शिकवलं होतं.

"आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलंत की तुम्ही मीठ खात नाही."

"हे मीठ नाही," मी म्हटलं. अजूनही म्हटलं.

"हे मीठच आहे. फक्त समुद्राचं नाही."

त्यांनी मग समजावून सांगितलं. समुद्राच्या मिठात सोडियम असतं, केळीच्या राखेच्या खारात पोटॅशियम. दोघं सख्खे भाऊ, म्हणून जिभेला सारखे वाटतात. धडधाकट पोरीने व्रताचे पाच दिवस चिमूटभर खाल्लं तर तिच्या किडन्या ते बाहेर टाकतात. माझ्या थकलेल्या किडन्यांना ते जमत नव्हतं, आणि नवी गोळी उरलंसुरलं आत धरून ठेवत होती. चांगली गोळी, चांगला खार, दोघांची गाठ पडायला नको होती.

मग त्यांनी चमचा उचलून पाहिला. विचारलं, रोज एवढा? किती महिने? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. हिशेब जुळत नाही, म्हणाल्या. इतका खार रोज पहिल्यापासून पोटात गेला असता तर मी संक्रांतही पाहिली नसती.

दार अर्धवट उघडं होतं. शुभांगी बाहेरच्या बाकावरून उठून आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरबाईंशी बोलावं तर पुस्तकी मराठीत बोलायला हवं होतं, पण ती आमच्याच बोलीत म्हणाली.

"मी निम्माच टाकी ऱ्हायनी व्हती. वरण कडू लागे, आई घास घोळाडेत तोंडमा. मंग मी निम्मा खार टाकू, न चिमूटभर खरं मीठ. आई चिडतीन म्हनीसन पाठ फिराइसन."

रुमलीबाईने बरणीचं झाकण लावलं.

तर तुमच्या मामीने माझ्या जेवणात खरोखरच काहीतरी मिसळलं होतं, माझ्या नजरेआड, दर वेळी पाठ फिरवून. तिला पोटॅशियम माहीत नव्हतं. मला घास गिळवत नाही, एवढंच तिला माहीत होतं. मी तिला दूर केलं, पूर्ण चमचा खाऊ लागले आणि सहाव्या दिवशी कोसळले.

घरी

घरी आले तेव्हा बरणी मी स्वतः मोरीत ओतली. त्याआधी पांढऱ्या बशीत हळद कालवून तिच्यात थोडा खार टाकून पाहिला. हळद विटेसारखी लाल झाली. लिंबू पिळलं, फसफसलं आणि पुन्हा पिवळी झाली. खार हळदीला लाल करतो, आणि आम्ही व्रताच्या भाकरीत किंवा पापडात हळद घालतच नाही, म्हणून पन्नास वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही तिथे धुण्याच्या सोड्याने करून बघा. मात्र चाखू नका, आणि हात धुवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच: मीठ सोडलंत तर त्याच्या जागी जे काही घेता ते डॉक्टरांना नेऊन दाखवा. नाव सांगू नका, बरणीच न्या. मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं आणि तरी त्याने मी मरत होते.

आजारपणाचा अवघड भाग तिथे संपला नाही. शुभांगीने हेमंतकडून निरोप पाठवला की आईंचं जेवण रुमलीबाईच करेल, ती लांब राहील. रागाने नाही, कामाची वाटणी सांगावी तसं. ती माझी चादर बदलायची, डॉक्टरांची वेळ घ्यायची, पण माझ्या ताटाला हात लावायची नाही. असे नऊ दिवस गेले. क्षमा मी पहिल्याच दिवशी मागितली होती. तिने "राहू द्या" म्हटलं. ज्यांना काही राहू द्यायचं नसतं ती माणसंच असं म्हणतात.

दहाव्या दिवशी मी वही तिच्या हातात दिली. लपवून ठेवली असती तर तिला कायम माझा संशय आला असता, आणि संशय काय करतो ते आता मला माहीत होतं. ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या पानं उलटत राहिली. एका पानावर थांबली.

"आठे 'हसली' लिखेल शे. मी कव्हय हसनी?"

मी म्हटलं, वार लिहिला आहे बघ. गुरुवार.

तिने आठवलं. "त्या दिनले गार्गीना गणितना निकाल उना व्हता, आई."

वही मिटून तिने मिक्सरच्या मागे ठेवली. अजून तिथेच आहे.

त्या दिवशी दुपारी तिने माझं ताट घेतलं. आता डॉक्टरबाईंनी मला साधं मीठ मोजून दिलं आहे, दिवसाला चिमूटभर, समुद्राचं. मी नेहमीच्या खुर्चीत, स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. वरण उकळत होतं. शुभांगीने मिठाचा डबा उघडला आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. चिमूट वर धरली, मला दिसेल अशी.

मी खुर्ची फिरवली आणि अंगणाकडे तोंड केलं.

"देखतस नही का, आई?" तिने विचारलं.

"नाही."

मग पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज आला. तिने किती मीठ टाकलं मला माहीत नाही. ताट आलं. वरण पिवळं होतं.

तुमची,
आजी